बालीत घर भाड्यानं घेताय? आधी बंजारला भेटा

उबुदजवळच्या एका गावात आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो. बालीत राहायला येणारे ओळखीचे लोक मला व्हिसा, भाडं, स्कूटर सगळं विचारतात. बंजारबद्दल कुणीच विचारत नाही.

बंजार म्हणजे वाडीतल्या घरांची जुनी पंचायत. (आपल्या बंजारा समाजाशी संबंध नाही.) लग्न झालं की जोडपं तिचं सभासद होतं आणि लग्नापासून अंत्यसंस्कारापर्यंत सगळं शेजाऱ्यांच्या हातांनी पार पडतं.

पहिल्याच आठवड्यात घरमालकाला बरोबर घेऊन क्लियानला, म्हणजे बंजारच्या प्रमुखाला, भेटा. सरकारी कागदांचा क्लियान दिनास आणि रूढीपरंपरांचा क्लियान आदात, दोघांकडे जा. लुंगीसारखं कामेन नेसा, कमरेला सेलेंदांग, म्हणजे शेल्यासारखा पट्टा, बांधा, 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणा. पाहुण्या भाडेकरूंना वर्गणी आहे का ते स्वतःहून विचारा आणि असेल तर घासाघीस न करता द्या.

मग कुलकुल ओळखायला शिका. मनोऱ्यात टांगलेला हा पोकळ लाकडी ओंडका सभेला बोलावतो तेव्हा ठोके संथ असतात. सलग, घाईचे ठोके म्हणजे आग किंवा तसलंच संकट. प्रत्येक गावाची रीत निराळी, त्यामुळे घरमालकिणीकडूनच समजून घ्या.

शेजारची आजी गेली तेव्हा मी पाकिटात पैसे घालून गेले. मालकिणीनं पाकीट बाजूला ठेवलं आणि मनगट धरून मला बायकांमध्ये बसवलं. समोर पूजेच्या द्रोणांसाठी नारळीच्या कोवळ्या झावळ्यांचा ढीग. पान दुमडायचं आणि बांबूच्या बारीक काडीनं टाचायचं, अगदी आपण पत्रावळी लावतो तसं. माझी पहिली दहा द्रोणकं पलीकडच्या काकूंनी न बोलता उसवून पुन्हा टाचली. पहाटे पुरुष लावारसाठी, म्हणजे मांस, खोबरं आणि मसाला घालून केलेल्या पदार्थासाठी, मांस-मसाला चिरत होते, तिथे माझा नवरा नारळ खवायला बसला. तुम्हीही जा, थोडे तांदूळ, साखर, कॉफी न्या आणि निदान दोन तास थांबा. तिथेही सुतक पाळतात, म्हणून तिथून थेट देवळात जाऊ नका.

जो कधीच येत नाही, त्याला बंजार वाळीत टाकू शकतं. या वाळीत टाकण्याला कासेपेकांग म्हणतात. मग घरी मयत झालं तरी खांदा द्यायला कुणी येत नाही. हे मला पटत नाही. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा का करावा लागला, ते मी विसरलेले नाही.

न्येपीला, म्हणजे शक नववर्षाच्या दिवशी, सकाळी सहापासून चोवीस तास घराबाहेर पडू नका. विमानतळही बंद असतो. त्या दिवशी विस्तव आणि दिवे लावत नाहीत, म्हणून जेवण आदल्या दिवशी करून ठेवा, खिडक्यांना जाड पडदे लावा. आमच्या स्वयंपाकघरातला उजेड फटीतून दिसला, तर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेला पेचालांग, बंजारचा राखणदार, दारात येऊन हलकेच टकटक करून गेला. २०२३ साली न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले. गुढी आम्ही आतल्या खोलीत उभारली, निरांजन न लावता. आईनं सांगलीहून पाठवलेली साखरगाठ दुसऱ्या दिवशी क्लियानच्या घरी नेऊन दिली.