क्लबमधली पहिली डिंगी रेस: भोंग्याच्या आधी आणि नंतर

माझ्या डिंगीच्या (शिडाच्या छोट्या होडीच्या) बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, मार्करने दोन गोष्टी लिहिल्यात. उजव्या अंगाला ‘हक्क माझा’, डाव्या अंगाला ‘वाट सोड’. बावीस वर्षं रेसिंग केलं, त्यातली शेवटची आठ अर्धा वेळ कमिटी बोटीवर, म्हणजे रेस चालवणाऱ्यांच्या बोटीवर, भोंगा घेऊन उभी असते, तरी ते मी पुसलेलं नाही. वारा उजवीकडून येत असला की आपण उजव्या कडेवर बसतो आणि डोळ्यांसमोर बूमची उजवी बाजू येते: हक्क माझा. डाव्या कडेवर बसलो की दिसतं: वाट सोड. समोरून कोणी ‘स्टारबोर्ड!’ (म्हणजे ‘वारा माझ्या उजवीकडून, हक्क माझा’) असं ओरडत अंगावर आलं की नवशिक्याला डावं-उजवं आठवत नाही. वाचता मात्र येतं.

ज्यांना डिंगी चालवता येते, उलटली तर सरळ करता येते, पण रेसच्या दिवशी जे गपचूप किनाऱ्यावर उभे राहतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नियमांचं पुस्तक वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना काढते, दर चार वर्षांनी त्यात बदल होतात, आणि सध्याची आवृत्ती 2025 ते 2028 साठी आहे. ते पाठ करायची गरज नाही. पण क्लबने नोटीस बोर्डावर लावलेल्या सेलिंग इन्स्ट्रक्शन्स मात्र शब्दन्‌शब्द वाचा. पुस्तकातले काही नियम क्लबला तिथे बदलता येतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही.

पाण्यात उतरण्याआधी नोंदणीच्या कागदावर नाव आणि शिडाचा नंबर लिहा. मग ब्रीफिंगला उभे राहा, मागे नाही, पुढे. तीन गोष्टी कळल्याशिवाय तिथून हलू नका: कुठले बोये (पाण्यावरच्या तरंगत्या खुणा), कुठल्या क्रमाने, आणि ते डाव्या हाताला ठेवायचे की उजव्या. फेऱ्या किती आणि शेवटची रेषा कुठे, हेही विचारून घ्या. मी हे सगळं चिकटपट्टीवर लिहून डेकवर चिकटवते. आघाडीवर असताना चुकीच्या बोयाकडे निघालेला माणूस मी पाहिलाय, आणि त्याच्यामागे विश्वासाने निघालेल्या नऊ होड्याही. लाइफजॅकेटबद्दल वाद घालू नका. पिवळ्या-लाल तिरप्या पट्ट्यांचा वाय झेंडा वर असला तर ते सक्तीचं असतंच, नसला तरी घाला. आणि वारा झेपणारा नसेल तर उतरू नका. रेसला जायचं की नाही हा निर्णय आणि त्याची जबाबदारी नियमानेच तुमची आहे, रेस ऑफिसरची नाही.

पाच मिनिटं

डिंगीची रेस उभ्या जागेवरून सुटत नाही. होड्या रेषेमागे फिरत असतात आणि शून्याला रेषा ओलांडतात. सगळा खेळ घड्याळाचा आहे, म्हणून उलटी मोजणी करणारं घड्याळ हवं.

पाच मिनिटं उरली की क्लासचा, म्हणजे तुमच्या प्रकारच्या होडीचा, झेंडा वर जातो, एक भोंगा. चार मिनिटांना दुसरा झेंडा, पुन्हा एक भोंगा. हा बहुतेक वेळा पी असतो, निळ्यात पांढरा चौकोन. इथून पुढे तुम्ही ‘रेसमध्ये’ आहात. एक मिनिट उरलं की हा दुसरा झेंडा खाली येतो, एक लांब भोंगा. शून्याला क्लासचा झेंडा खाली, एक भोंगा, निघा.

वेळ झेंड्यावरून धरायची, आवाजावरून नाही. भोंगा वाजला नाही तरी झेंडा हलला की वेळ सुरू झाली. हे मी भोंग्याच्या बाजूने सांगतेय: त्यातला गॅस नेमका चौथ्या मिनिटाला संपतो आणि मग मी शिट्टी शोधत असते. तेवढ्यात झेंडा ओढणाऱ्याने त्याचं काम केलेलं असतं.

चार मिनिटांना पीऐवजी दुसरं काही वर गेलं तर कान टवकारा. पिवळ्यात काळा गोल म्हणजे आय: शेवटच्या मिनिटात रेषेच्या पुढे गेलात तर रेषेच्या टोकाला वळसा घालून मागे यावं लागतं. लाल-पांढरे चार चौकोन म्हणजे यू, आणि नुसता काळा म्हणजे काळाच. या दोन्हींमध्ये शेवटच्या मिनिटात पुढे सापडलात तर सुनावणीशिवाय बाद. फरक एवढाच, की सगळ्यांची सुरुवात पुन्हा झाली तर यूवाल्याला पुन्हा संधी मिळते, काळ्यावाल्याला नाही. रेस ऑफिसर हे झेंडे हौसेने काढत नाही. आम्ही दोनदा सगळ्यांना परत बोलावलेलं असतं आणि आमचा चहा गार झालेला असतो.

रेषेवर आधी जाऊन या. एका टोकाला कमिटी बोटीवरची काठी, दुसऱ्या टोकाला बोया. रेषेच्या मध्यावर होडीचं नाक थेट वाऱ्यात उभं करा, शीड फडफडू द्या. नाक ज्या टोकाकडे झुकलेलं दिसेल ते टोक वाऱ्याच्या जवळ, म्हणजे तिथून अंतर कमी. पण पहिल्या दहा रेसमध्ये त्या टोकाला जाऊ नका, कारण सगळे तिथेच असतात. मधोमध, थोडी मोकळी जागा बघून सुटा. दुसरं काम: रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन दोन्ही टोकं एका ओळीत आणा आणि त्यांच्या मागे किनाऱ्यावर काय दिसतं ते लक्षात ठेवा, एखादं झाड, खांब. नंतर गर्दीत असताना बोया आणि ते झाड जुळलं की तुम्ही रेषेवर आहात. नुसत्या अंदाजाने रेषा नेहमी आहे त्यापेक्षा जवळ वाटते आणि माणूस दोन होड्यांइतका मागे थांबतो.

शून्याला होडीचा कुठलाही भाग पुढे असेल तर निळ्या क्रॉसचा पांढरा एक्स झेंडा वर जातो आणि एक भोंगा वाजतो. ज्याचं चुकलं त्याने संपूर्ण होडी रेषेमागे आणून पुन्हा सुटायचं, आणि परत येताना इतरांच्या वाटेत यायचं नाही. माझ्या तिसऱ्या रेसमध्ये मी झकास सुटले. मागे भोंगा वाजला तेव्हा मनात म्हटलं, बिचारं कोणीतरी. पुढची पन्नास मिनिटं मी आघाडीवर होते. शेवटच्या रेषेवर पोहोचले, भोंगाच नाही. कमिटी बोटीवरचे काका माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते. निकालात माझ्या नावापुढे ओ-सी-एस (सुटताना रेषेच्या पुढे) आणि शेवटून पहिला नंबर. तेव्हापासून सुटल्या सुटल्या मी एकदा मान वळवून मागे बघतेच. एक्स वर असेल आणि शंका असेल तर परत जा. तीस सेकंद जातात, रेस जात नाही.

बरेच जण पुढे असतील आणि कोण ते ओळखता येत नसेल, तर निळ्या किनारीचा पिवळा त्रिकोणी झेंडा आणि दोन भोंगे: सगळे परत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांबट झेंडा म्हणजे सुरुवात पुढे ढकलली. तो खाली आल्यावर एका मिनिटाने पाचाची मोजणी सुरू होते, तेव्हा लांब भटकू नका. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा आणि तीन भोंगे म्हणजे रेस रद्द.

वाट कोणाची

पाण्यावर तुमच्या मागे पंच फिरत नाही. नियम तुम्हीच पाळायचे, चूक तुम्हीच कबूल करायची, दुसऱ्याची चूक तुम्हीच मांडायची. त्यामुळे पुढचे तीन नियम झोपेतही आठवले पाहिजेत.

टॅक म्हणजे वारा होडीच्या कुठल्या बाजूने येतोय ते: उजवीकडून तर स्टारबोर्ड, डावीकडून तर पोर्ट. वेगवेगळ्या टॅकवर असाल तर पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. बूम डावीकडे असेल तर तुम्ही स्टारबोर्डवर, उजवीकडे असेल तर पोर्टवर. एकाच टॅकवर शेजारी-शेजारी असाल तर वाऱ्याच्या बाजूच्या होडीने वाऱ्याआडच्या होडीला वाट द्यायची. एकाच टॅकवर मागेपुढे असाल तर मागच्याने सांभाळायचं. यात भर एवढीच, की टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, नाक वाऱ्यापलीकडे गेल्यापासून होडी नव्या दिशेला नीट लागेपर्यंत तुम्हाला काही हक्क नाही. कुणाच्या नाकासमोर टॅक मारून ‘स्टारबोर्ड!’ ओरडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हक्क असला तरी धडक टाळणं शक्य असेल तर टाळायचीच. आणि हक्क आहे म्हणून शेवटच्या क्षणी दिशा बदलून समोरच्याला कोंडीत पकडता येत नाही, त्याला बाजूला व्हायला जागा द्यावी लागते.

बोयाजवळ सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. बोयाभोवती होडीच्या तीन लांब्यांच्या त्रिज्येचं एक वर्तुळ कल्पा. ही लांबी बोयाच्या जवळ असलेल्या होडीची धरायची. साधारण सव्वाचार मीटरची इल्का असेल तर वर्तुळ जवळजवळ 13 मीटरचं, छोटी ऑप्टिमिस्ट असेल तर 7 च्या आसपास. पहिली होडी त्या वर्तुळाला लागते तो क्षण डोक्यात गोठवा. त्या क्षणी दोघे शेजारी असतील तर बाहेरच्याने आतल्याला वळायला जागा द्यायची. एक स्पष्ट पुढे असेल तर मागच्याने त्याला जागा द्यायची, मग नंतर आत घुसून ‘रूम, रूम’ म्हणून उपयोग नाही. आणि वाऱ्याकडच्या बोयाला ही सवलत समोरासमोरच्या टॅकवर चालत नाही. तिथे पोर्टवरून येणाऱ्याला जागेचा हक्कच नाही, समोर स्टारबोर्डवरची रांग असते आणि त्यात फट सापडत नाही. पहिलं वर्षभर तरी थोडं लांबून, स्टारबोर्डवरूनच या बोयाला या. दोन जागा गमावाल, पण होडी धड राहील.

चूक झालीच तर लगेच गर्दीतून बाजूला व्हा आणि दोन गिरक्या घ्या, दोन्ही एकाच दिशेने, प्रत्येकीत एक टॅक आणि एक जाइब (होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं). ‘पुढच्या बोयानंतर घेते’ हे चालत नाही. बोयाला होडी लागली तर एकच गिरकी. मात्र तुमच्या चुकीने कुणाला दुखापत झाली किंवा होडीचं मोठं नुकसान झालं, तर गिरकीने भागत नाही, रेस सोडावी लागते. सुरुवातीला गिरकी घ्यायची लाज वाटते. खरं तर हलक्या होडीत सराव असला की दोन्ही मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातात, म्हणून एखाद्या रिकाम्या दुपारी नुसत्या गिरक्या मारून बघा.

दुसऱ्याने चूक केली आणि गिरक्या घेतल्या नाहीत तर तिथल्या तिथे मोठ्याने ‘प्रोटेस्ट!’ म्हणा. नेमका हाच शब्द. सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लावावा लागत नाही, पण ओरडावं लागतं. एकदा मी भिडेखातर पाण्यावर काही बोलले नाही आणि किनाऱ्यावर येऊन तावातावाने फॉर्म भरला. पहिलाच प्रश्न आला: पाण्यावर सांगितलंत का? सुनावणी दोन मिनिटांत संपली. फॉर्मची मुदतही असते, क्लबने बदलली नसेल तर रेसमधली शेवटची होडी पोहोचल्यापासून दोन तास. सुनावणीत टेबलावर छोट्या होड्या मांडून दोघांना विचारतात. साक्षीदार असेल तर आणा. वारा कुठून होता, किती लांब्यांवर होतात, कोण आधी ओरडलं, एवढंच सांगा. समोरच्याचा स्वभाव कसा आहे हे कुणी विचारत नाही.

निकाल आणि तो कागद

क्लबमध्ये सगळ्या होड्या एकसारख्या नसतात, म्हणून वेळेचं गणित होतं. पोर्ट्समथ यार्डस्टिक पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा असतो, हळू होडीचा मोठा. लागलेली वेळ गुणिले 1000, भागिले तो आकडा. समजा 1100 वाली होडी 44 मिनिटांत आली: 2640 सेकंदांचे 2400 झाले, म्हणजे 40 मिनिटं. 1350 वाली 53 मिनिटांनी आली: 3180 चे साधारण 2356, म्हणजे 39 मिनिटं 16 सेकंद. नऊ मिनिटं मागून आलेली होडी जिंकली. म्हणून मागे पडलात तरी आशा सोडून कडेला लागू नका, तुमची रेस घड्याळाशी चालू आहे. मालिकेत पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, ज्याची बेरीज कमी तो वर. रेस पूर्ण केली नाही तर मालिकेतल्या एकूण होड्यांपेक्षा एक जास्त गुण. सहसा प्रत्येकाची एक सर्वांत वाईट रेस वगळतात, माझी ती ओ-सी-एस तशीच वगळली गेली.

कोणी संकटात दिसलं तर रेस सोडून मदतीला जा, ते ऐच्छिक नाही. गेलेल्या जागेची भरपाई नंतर मागता येते.

रेस पूर्ण केलीत किंवा मधूनच सोडलीत, होडी वर ओढली की आधी नोंदणीच्या कागदावर परतल्याची सही करा, मग कपडे बदला. एका संध्याकाळी एक सही कमी होती. सेफ्टी बोट चाळीस मिनिटं मावळत्या उजेडात एक निळं शीड शोधत फिरली. ते शीड गुंडाळून गाडीवर बांधलेलं होतं आणि त्याचा मालक घरी झोपला होता. तेव्हापासून कागदाशेजारचं पेन दोरीने टेबलाला बांधलेलं असतं, आणि त्याची गाठ मी स्वतः मारते.