सागाला सुपर टाकूनही वाढ खुंटलीय? या चुका टाळा

तापीकाठच्या काळ्या रानात साग कमरेइतका होऊन अडला, की आणखी एक पोतं सुपर (सिंगल सुपर फॉस्फेट, स्फुरदाचं खत) पडतं. पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) 8 च्या वर असतो आणि टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो. तो जमिनीत असतो, मुळांना मिळत नाही.

रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खनिज दगडाची भुकटी) स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. हवाईची बेटंही आपल्यासारखीच बेसाल्टची, म्हणजे काळ्या खडकाची. मात्र तिथल्या जुन्या, भरपूर पावसाच्या भागांत जमिनी आम्ल झाल्यात आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमने अडवलाय. अशा आम्ल मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतं. खान्देशातल्या चुनखडीच्या जमिनीत ते नुसतं पडून राहतं.

माती तपासताना स्फुरद ओल्सन पद्धतीने काढायला सांगा. ब्रे पद्धत आम्ल जमिनीची. तिच्यातलं आम्ल चुनखडीतच खर्ची पडतं आणि आकडा फसवतो. अहवालातला आकडा शुद्ध स्फुरदाचा की पी-टू-ओ-फाइव्हचा (खतातला स्फुरद ज्या रूपात मोजतात त्याचा), हेही बघा, दोन्हींत 2.29 पटीचा फरक आहे. हेक्टरी 10 किलोच्या खाली शुद्ध स्फुरद म्हणजे कमतरता. रावेर-यावलकडे केळी काढून साग लावला असेल तर आधी हा अहवालच घ्या. वर्षानुवर्षांच्या डीएपी खताने तिथे स्फुरद साठलेला असू शकतो, आणि वरून आणखी टाकलं तर जस्ताची टंचाई ओढवते.

पानं बघून निदान करताना सागात हमखास फसगत होते. त्याची कोवळी पालवी मुळातच तांबूस असते, तो रोग नव्हे. स्फुरदाची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते: गर्द, निस्तेज हिरवी, कडेने जांभळट. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता.

खत वरून फेकलं तर वाया जातं, कारण स्फुरद मातीत जेमतेम काही सेंटिमीटर सरकतो. लावताना 45 सेंमीच्या खड्ड्यात 250 ग्रॅम सुपर (16 टक्के, म्हणजे 40 ग्रॅम पी-टू-ओ-फाइव्ह) 5 ते 10 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून तळाला घाला. वर मातीचा थर हवाच, मुळं थेट खतावर नकोत. उभ्या झाडाला पहारीने पानांच्या घेराखाली चार-पाच जागी 15 सेंमी खोल भोकं पाडून त्यात द्या, मग पाणी.

झिंक सल्फेट सुपरमध्ये कालवू नका, जस्त तिथेच अडकतं. स्फुरद विरघळवणारं जिवाणू खतही रासायनिक खतात नको; ते शेणखतात मिसळून आठवडाभराच्या अंतराने द्या.

इतकं करूनही झाड हललं नाही तर एक रोप उपटून बघा. पाणी साचलेल्या भारी जमिनीत मुळं काळी पडून कुजलेली दिसतील. तिथे खत नव्हे, चर लागतो.