भाड्याचं मशीन आणून गालिच्याचे डाग कसे काढायचे

गालिच्यावरचा डाग मशीन काढतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. डाग हातानेच सोडवावा लागतो. सुटलेला डाग, साबण आणि पाणी खेचून बाहेर काढणं हे मशीनचं काम, आणि मुंबईच्या हवेत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये डागामुळे टाकून दिलेला गालिचा क्वचितच दिसतो. धुतल्यावर आतून ओला राहिला, कुबट वास मारायला लागला आणि मग टाकला, असे मात्र बरेच.

म्हणून पहिला सल्ला काळवेळेचा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. गणपतीच्या आधी घर चकाचक हवं म्हणून सगळ्यांना नेमकं तेव्हाच मशीन आठवतं, पण तेव्हा हवेतच इतका ओलावा असतो की साधा टॉवेल वाळत नाही. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की करा, किंवा डिसेंबर-जानेवारीत. दिवाळीच्या तोंडावर मशीन मिळणं कठीण होतं, तेव्हा दसऱ्यानंतर लगेच सांगून ठेवा, तेही शनिवार-रविवार सोडून.

मशीन मागताना नेमकं सांगा: ‘स्प्रे एक्स्ट्रॅक्शन’चं हवं. दुकानदाराने नुसतं ओलं-कोरडं ओढणारं व्हॅक्यूम पुढे केलं, तर ते पाणी खेचेल पण फवारणार नाही. आपल्याला हवं त्यात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची. ट्रिगर दाबला की नोझलमधून पाणी फवारलं जातं आणि पुढच्याच क्षणी तिथूनच परत ओढलं जातं. कर्चर कंपनीचं पझी 8/1 हे अशांपैकी छोटं मशीन. त्यात 8 लिटर स्वच्छ आणि 7 लिटर घाण पाणी मावतं. वजन दहा किलोच्या आसपास, म्हणजे रिक्षात सहज बसतं. सायन-वांद्र्याच्या पलीकडे शहरात राहत असाल तर टॅक्सी करावी लागेल, रिक्षा तिकडे जात नाही.

मशीन ताब्यात घेण्याआधी दुकानातच चालू करून बघा. तळहातावर नोझल धरा, चांगलं घट्ट चिकटलं पाहिजे. नळी वाकवून तडा आहे का पाहा, घाण पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून रबर आणि वास तपासा. आधीच्या माणसाने टाकी न धुता परत केली असेल तर तो वास तुमच्या हॉलमध्ये येणार. वायर आणि पिन नीट बघा, आणि सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिपॉझिट परत घेताना तो कामाला येतो. पिना जाड असतील तर घरात गिझरसारखा मोठा पॉइंट लागेल. बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावू नका. पाणी आणि वीज एकत्र असल्याने पायात रबरी चप्पल हवीच.

शाम्पू कमी फेसाचा, याच मशीनसाठी बनवलेलाच घ्या. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर टाकीत घातली तर फेस घाण टाकीत भरतो आणि तिथून मोटरपर्यंत पोचतो. शिवाय गालिच्यात राहिलेला साबण चिकट होऊन पुढे धूळ धरून ठेवतो, महिनाभरात गालिचा पुन्हा मळका. मुंबईचं पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, त्यामुळे मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. बाटलीवर लिहिलंय त्याहून थोडा कमीच शाम्पू पुरतो. टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर शेवटच्या धुण्यापुरतं तरी पालिकेचं पाणी सकाळी बादल्यांत भरून ठेवा.

आता गालिचा कसला आहे ते बघा. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन यांना मशीन बिनधास्त लावा. भदोही-मिर्झापूरकडच्या लोकरी गालिच्याला थंड पाणी आणि हलका हात. रेशीम, व्हिस्कोस किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलेलं काही असेल तर मशीन लावू नका, ते व्यावसायिकाकडे द्या. मग मागचा एखादा कोपरा ओला करून पांढरा सुती रुमाल दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर काम तिथेच थांबवा. त्याच दिवशी सोफाही धुणार असाल तर खालचं लेबल वाचा: ‘डब्ल्यू’ असेल तर पाणी चालतं, नुसतं ‘एस’ असेल तर पाणी चालत नाही, ‘एक्स’ असेल तर फक्त कोरडं व्हॅक्यूम.

हातानं करायच्या कामाला अर्धा दिवस ठेवा. गालिचा गच्चीच्या कठड्यावर उलटा टाकून झोडपा, मग दोन्ही बाजूंनी कोरडं व्हॅक्यूम करा. आत बसलेली माती पाण्यात भिजली की तिचा चिखलच होतो. मग एकेक डाग.

हळदीचा डाग आपल्या घरात सगळ्यात जास्त, आणि घाबरवतोही तोच. साबण लागताच तो लालभडक होतो. सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, हे तर कुंकू सांडल्यासारखं झालं!” घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबण-सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं, आंबट लागलं की परत पिवळं. म्हणूनच हळदीवर सोडा टाकू नका. वाळलेलं वरण चमच्याने खरवडा, थंड पाण्याने टिपा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी कापडावर घेऊन टिपत राहा, कापडाची बाजू बदलत. चोळायचं नाही, चोळलं की डाग पसरतो आणि धागे पिंजतात. मशीननंतरही पिवळी झाक उरेलच. तेवढा भाग काही तास उन्हात ठेवा. कर्क्युमिन उजेडाने फिकं पडतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हाइतकं स्वस्त औषध दुसरं नाही. फिक्या रंगाच्या सिंथेटिक गालिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण बाटलीवरचा आकडा बघून ते 3 टक्क्यांपर्यंत पातळ करा आणि आधी कोपऱ्यावर लावून बघा. लोकरीवर आणि गडद रंगावर मी ते वापरत नाही.

चहाच्या डागात दोन गोष्टी असतात, दुधातलं प्रथिन आणि चहाचं टॅनिन. गरम पाण्याने प्रथिन धाग्यात पक्कं बसतं, म्हणून सुरुवात थंड पाण्याने. दूध, अंडं, रक्त यांनाही हाच नियम. मग शाम्पूचं पाणी, शेवटी पातळ व्हिनेगर. समईच्या तेलावर कॉर्नफ्लोअर पसरून तासभर ठेवा, व्हॅक्यूमने ओढा, मग शाम्पू. कुंकवाला आधी पाणी लावूच नका, कोरडंच ओढून घ्या. बॉलपेनच्या शाईला कापडावर थोडं स्पिरिट घेऊन हलक्या हाताने टिपा, गॅस बंद आणि खिडकी उघडी ठेवून. गालिच्यावर थेट स्पिरिट ओतलं तर मागचा रबराचा थर सुटतो. टॉयलेट क्लीनरने रंग उडालेला पांढरा ठिपका मात्र डाग नसतो, तिथला रंगच गेलेला असतो. त्यावर वेळ घालवू नका. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

आता मशीन. खाली जाड प्लास्टिक अंथरा. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून मागे सरकत या. ट्रिगर दाबून नोझल हळू आपल्याकडे ओढा, मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावरून दोनदा नुसतं ओढून घ्या. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढलेला हवा. बहुतेक जण ही नुसती ओढायची फेरी गाळतात. पाणी घालताना हात छान चालतो, कोरडी ओढाताण कंटाळवाणी वाटते. पण गालिचा वाचतो तो या फेरीमुळे. नोझलचं डोकं पारदर्शक असेल तर नजर तिथेच ठेवा. पहिल्या ओढीला कडक चहासारखं काळपट पाणी धावत वर जातं, मग गढूळ, मग फिकं, आणि शेवटी काचेवर थेंब नुसते थरथरतात, वर चढत नाहीत. तेव्हा तो पट्टा झाला. सगळा गालिचा झाला की स्वच्छ टाकीत नुसतं पाणी भरून एक पूर्ण फेरी मारा, साबण निघण्यासाठी.

मशीनचा आवाज अचानक बारीक आणि चढा झाला, तर घाण टाकी भरली समजा. पाण्याबरोबर वर तरंगत येणारा आतला फ्लोट हवा अडवतो. लगेच बंद करून ते पाणी टॉयलेटमध्ये ओता. मोरीच्या जाळीत ओतलंत तर धागे अडकतात.

वाळवण्याचं गणित 24 तासांचं धरा. ओलं राहिलेलं कापड एक-दोन दिवसांत बुरशी धरतं. गालिचा जमिनीवर पसरू नका, चार प्लास्टिकच्या स्टुलांवर टाका म्हणजे खालूनही हवा लागेल. वरचा पंखा पूर्ण, एक टेबलफॅन खालून, एसी असेल तर ड्राय मोडवर आणि तेव्हा खिडक्या बंद. लोकरीच्या बाबतीत हाताच्या स्पर्शावर विसंबू नका. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा धरूनही कोरडीच लागते. मागच्या बाजूला टिश्यू पेपर ठेवून वर पाय देऊन उभे राहा, पेपर ओलसर झाला तर पंखे चालूच ठेवा.

भाडं दिवसाचं असतं, त्यामुळे बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरांनी मिळून मशीन आणणं परवडतं. आम्ही तसंच करतो. आधी आमचा गालिचा, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा सोफा. फक्त मध्ये दोन्ही टाक्या धुवा आणि कुत्रं-मांजर असलेलं घर शेवटी घ्या. परत नेण्याआधी स्वच्छ पाणी फवारून नळी धुवा, फिल्टरमधले केस काढा, टाक्या उघड्या ठेवून वाळवा. मग दुकानातच मशीन पुन्हा चालू करून दाखवा आणि डिपॉझिट हातात पडल्यावरच पावती फाडा.