आईला कोरोना झालाय? बाळाला पाजताना या चुका टाळा

आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पहिल्यांदा बाळ आजीच्या खोलीत जातं आणि संध्याकाळपर्यंत पावडरचा डबा येतो. सगळ्यात मोठी चूक हीच. अंगावरच्या दुधातून कोरोना झाल्याचं आजवर आढळलेलं नाही. तो पसरतो श्वासातून, खोकल्यातून. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून हेच सांगते आहे की पाजणं चालू ठेवा. उलट आईच्या शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी दुधातूनच बाळापर्यंत पोहोचतात.

पाजणं अचानक थांबवलं की छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप चढतो. तो तापही मग कोरोनाच्याच खात्यात जातो! त्यात पान्हा आटला तर परत आणायला फार त्रास पडतो.

उठवत नसेल तर दूध काढून द्या. साबणाने हात धुवा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग चिमटा. बोंड ओढू नका. काढलेलं दूध घरातल्या ठणठणीत माणसाने वाटी-चमच्याने पाजावं, बाटली नकोच. हे दूध चार तास टिकतं म्हणतात ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीत. नागपूरच्या मे महिन्यात तो हिशेब विसरा. लगेच पाजा, नाहीतर फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेवा.

मास्क नाकाखाली उतरवला तर घालून उपयोग नाही. घामाने ओला झाला की बदला. बाळाला मात्र मास्क नाही, चेहऱ्यावर ओढणीही नाही. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत घेतो, म्हणून समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी असू द्या.

दर वेळी छाती साबणाने घासू नका, बोंडाला चिरा पडतात. उघड्या छातीवर खोकला गेला असेल तरच धुवा.

उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाण्याचे चमचे? गरज नाही. दुधात बहुतेक पाणीच असतं.

पॅरासिटामॉल चालते. बाकी कोणतीही गोळी घेण्याआधी, अगदी शेजारच्यांना लागू पडलेलीसुद्धा, आपण पाजतो हे डॉक्टरांना सांगा.

बाळ ओढत नसेल, लघवी कमी झाली, श्वास भरभर चालू आहे, छाती आत ओढली जाते, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आहे, तर नागपुरातली डागा, मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ पडेल तिथे न्या. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, 108 लावा.