मसाल्याचा धंदा सुरू करताय? आधी ओल ओळखायला शिका

होळी झाली की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गल्ल्यांतून कांडपाचा ठोका सुरू होतो, तो वळीव येईपर्यंत थांबत नाही. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीतही हेच दिवस गर्दीचे. याच दोन-अडीच महिन्यांत दरवर्षी कितीतरी जण ठरवतात, आपणही मसाला करून विकायचा. सुरुवात बहुतेकांची एकाच वाटेने होते. घरची वर्षाची चटणी, म्हणजे तिखट मसाला, करताना शेजारच्या काकू म्हणतात, "माझीही दोन किलो कर गं." पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीची, मग ऑफिसातल्या बायकांची. तिसऱ्या-चौथ्या हंगामाला घर अपुरं पडतं आणि डोक्यात मशीन येतं.

ही वाट चांगली आहे. गिऱ्हाईक आधी आणि यंत्र नंतर, हाच क्रम बरोबर. उलट्या क्रमाने गेलेल्यांचे हप्ते मे महिन्यात सुरू होतात आणि गिऱ्हाईक पुढच्या मार्चमध्ये येतं. मधले दहा महिने काय करायचं, हे मशीन विकणारा सांगत नाही.

ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. काळा मसाला आणि कांदा-लसूण यांतला फरकही सांगत बसत नाही. सांगायची आहे ती ओल. या धंद्यात नवी माणसं बुडतात ती चवीमुळे नाही. चव तर त्यांच्या हाताला असते, म्हणूनच लोक मागे लागलेले असतात. बुडतात ती ओलीमुळे. ओल मिरची घेतानाच पैसे खाते, मग वजन खाते, आणि शेवटी श्रावणात पाकिटात बुरशी होऊन बाहेर येते.

खरेदीपासून सुरुवात करू. नवी मिरची साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत बाजारात येते. पोती भरताना मिरची मोडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा हबका मारण्याची रीत आहे. वजन वाढवायलाही तोच हबका उपयोगी पडतो. त्यामुळे पोत्याच्या तोंडावरची मिरची बघून सौदा करू नका. हात कोपरापर्यंत आत घालून मधली मूठ काढा. एक मिरची कानाजवळ धरून हलवा, कोरडी असेल तर बी खुळखुळतं. मग मधोमध वाकवा. कट्‌कन मोडली तर घ्या, चामड्यासारखी वळली तर तिच्यात पाणी आहे. देठाजवळ फोडून आत बघा. पांढरट किंवा काळपट जाळी दिसली तर ते पोतं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. भाजल्याने बुरशीचं विष जात नाही.

हाताचा अंदाज बसेपर्यंत काटा वापरा. ५०० ग्रॅम मिरची आणा, मोजून कागदावर पसरा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पुन्हा मोजा. ४८० भरली तर माल ठीक. ४३० वर आली तर त्या दुकानदाराकडे किलोमागे १४० ग्रॅम पाणी विकत घेताय.

आता हिशेब. इथे प्लीज घाई करू नका, कारण "विक्री भरपूर झाली, पण हातात काहीच राहिलं नाही" याचं कारण जवळजवळ नेहमी याच चार ओळींत असतं. समजा मिरची ३०० रुपये किलोने १० किलो घेतली, ३,००० रुपये. देठ निघाले ७०० ग्रॅम. उन्हात उडाली ६०० ग्रॅम. भाजताना, कांडताना, चाळणीत आणि हवेत मिळून २०० ग्रॅम. हातात राहिली साडेआठ किलो. म्हणजे मिरची तुम्हाला ३०० ला नाही, ३५३ ला पडली. तुम्ही ३०० धरून त्यावर मसाले, कांडप, पाकीट लावलंत आणि किलोमागे ५० रुपये नफा ठेवलात, तर तो नफा देठात आणि उन्हातच संपला. शंभर किलोंना ५,३०० रुपये. दोन महिने पहाटे उठून डोळे चोळत केलेल्या कामाचे हे पैसे आहेत. ते असे गेलेले पाहणं सोसत नाही.

म्हणून भाव नेहमी हातात उरलेल्या किलोवर काढा, विकत घेतलेल्या किलोवर नाही. स्वस्त ओली मिरची आणि महाग कोरडी मिरची यांतही हीच कसोटी लावा. २८० ची मिरची वाळून १५ टक्के घटली तर ती ३२९ ला पडली. ३०० ची ४ टक्के घटली तर ३१३ ला. स्वस्त ती कुठली, ते दिसतंच आहे. देठ काढलेली मिरची थोड्या चढ्या भावाने मिळते. देठ काढायला बाई लावणार असाल तर तिची मजुरी धरून एकदा ताडून बघा, पुष्कळदा तीच परवडते.

कांदा-लसूण मसाल्यात हा सापळा दुप्पट मोठा होतो. कांद्यात बहुतांश पाणीच. सोलून, चिरून, वाळवून १० किलो कांद्याचा साधारण दीड किलोच उरतो. तो नीट न वाळवता तेलात परतून मसाल्यात घातला की रंग झकास येतो, वास सुटतो, वजनही भरतं आणि दोन महिन्यांत मसाला गोळा व्हायला लागतो. कांदा उभा पातळ चिरून हाताने चुरडला जाईल इतका कडकडीत वाळवायचा, मगच तळायचा. लसणाच्या पाकळ्या ठेचून वाळवायच्या, अख्ख्या वाळवल्या तर वरून सुकतात, आत ओल्या राहतात. आलं किसून. खडे मीठ सुद्धा कढईत तापवून घ्यायचं, तेही हवेतली ओल धरून बसलेलं असतं.

खोबऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे. वर्षभर टिकवायच्या पाकिटात ते घालू नये. खोबरं खवट होतं आणि खवटपणा मिरचीच्या तिखटाखाली काही दिवस लपतो, कायमचा नाही. ऑर्डरच्या मसाल्यात घाला, पण "सहा महिन्यांत संपवा" असं स्पष्ट सांगून.

वाळवताना अतिरेकही नको. कडक उन्हात चार-पाच दिवस उघडी पडलेली ब्याडगी फिकी पडते. दोन-तीन दिवस, वर पातळ सुती कापड, संध्याकाळी मिरची उचलून घरात. रात्री गच्चीवर ठेवली की पहाटेचं दंव दिवसभराचं ऊन फुकट घालवतं. एप्रिलच्या शेवटी तीननंतर ढग दिसले की हातातलं काम टाकून आधी गच्ची गाठायची. एका वळवाने शंभर किलो माल वाया जाऊ शकतो. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तीच पुढची लिज्जत. त्यांचंही पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. ओलीवर उपाय असतो आणि तो फार महागही नसतो, पण तो पावसाच्या आधी करून ठेवावा लागतो.

भाजणं प्रत्येक जिन्नसाचं वेगळं. धने, जिरे, तीळ, खसखस कोरडे, मंद आचेवर. लवंग, दालचिनी, दगडफूल, नाकेश्वर, चक्रीफूल थेंबभर तेलावर. सगळं एकत्र कढईत टाकलं तर खसखस जळते आणि दालचिनी कच्ची राहते. भाजून झालं की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. चार-पाच तास सहज लागतात. गरम माल कांडला तर वाफ आतच कोंडते, चाळणीची जाळी बुजते आणि मसाला काळवंडतो. कांडून आलेला मसालाही गरमच असतो. तो लगेच पाकिटात भरू नका. मोठ्या परातीत पसरून, कापड झाकून रात्रभर ठेवा. सीलबंद पाकिटाच्या आतल्या बाजूला बारीक घाम दिसला तर ते पाकीट विकायचं नाही. मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नसावा असा नियम आहे. प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, मग आपल्या हाताचा अंदाज किती खरा ते कळतं.

मशीन. पहिला हंगाम दुसऱ्याच्या डंकनावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर काढा, हे कळकळीने सांगते. डंकनात माल कुटला जातो, तापतो कमी, रंग आणि तेल टिकतं, पण वेळ लागतो. पल्व्हरायझर म्हणजे दळायचं यंत्र, ते झपाट्याने दळतं आणि तितकंच तापवतं. दुसऱ्याच्या डंकनावर जाताना आधी कोणाचा काय माल होऊन गेला ते विचारा, डबा ब्रशने झाडून घ्या. हळकुंडांनंतर मूठभर तांदूळ फिरवल्याशिवाय तुमची मिरची घालू देऊ नका. तिथे बसून शिकण्यासारखंही खूप असतं. वीस वर्षं कांडप करणारी बाई मसाला चिमटीत धरून "अजून एक हात पाहिजे" म्हणते, ते ज्ञान हजारो रुपयांच्या दोन दिवसांच्या क्लासमध्ये मिळत नाही. "गुप्त रेसिपी" विकणाऱ्यांपासून लांब राहा. प्रमाणं प्रत्येक घरात आहेत. शिकायचंच असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत शिकवतात, कृषी विज्ञान केंद्रातही विचारा.

स्वतःचं यंत्र घेतलंत की वीजजोडणीचा अर्ज जपून भरा. मसाला गिरणी ही पिठाच्या गिरणीसारखीच औद्योगिक वर्गात मोडते. अर्जात नुसतं "दुकान" लिहिलं की व्यापारी दर लागतो आणि नंतर तो बदलून घेताना चपला झिजतात. अनुदानासाठी पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या सरकारी योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अशी तरतूद आहे, पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली आहे. अर्ज घेणं चालू आहे का, हे कृषी कार्यालयात विचारूनच कोटेशन काढा. अनुदान मिळेल म्हणून मोठं यंत्र घेणं, हा विचार मात्र डोक्यातून काढून टाका.

लोकांचा माल कांडून द्यायचा असेल तर त्यांच्यासमोर वजन करून घ्या, त्यांच्यासमोरच वजन करून द्या, दोन्ही आकडे वहीत लिहा. घट किती येईल ते आधीच बोलून ठेवा. "माझी मिरची कमी आली" हा एकच संशय अख्खी गल्ली फिरवतो. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गुमास्ता (म्हणजे दुकानाची नोंदणी) आणि अन्न नोंदणी दोन्ही ऑनलाइन होतात. मसाल्याची पूड सुटी विकता येत नाही, पाकीटबंदच विकावी लागते. पाकिटावर नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच नंबर, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका आणि १४ आकडी अन्न नोंदणी क्रमांक लागतो. साधी पॉलिथिनची पिशवी घेऊ नका, वास बाहेर जातो आणि हवा आत येते. जाड लॅमिनेटेड पाऊच घ्या. आणि रंग घालायचा नाही, कितीही सांगू द्या. पूड मसाल्यात वरून रंग घालणं बेकायदा आहे. फिकी मिरची सुधारायची असेल तर ब्याडगीचं प्रमाण वाढवा.

किराणा दुकानांकडे पहिल्या वर्षी जाऊ नका. दुकानदार कमिशन घेतो, विकल्यावर पैसे देतो आणि न खपलेला माल ऑगस्टमध्ये परत करतो. तोवर त्या पाकिटांनी किती दमट हवा खाल्लेली असते! त्यापेक्षा जानेवारीत ऑर्डर घ्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि तेवढ्याचीच मिरची आणा. ओळखीच्या माणसांकडे आगाऊ पैसे मागताना जीभ अडखळते. अडखळू दे, पण मागा. ज्यांना तुमची चटणी हवी आहे ते देतात.

पहिल्या हंगामाला पन्नास-साठ किलो पुरे. एवढ्यात घट कळते, हात बसतो आणि चुकलं तरी घर हलत नाही. प्रत्येक घाणीतला, म्हणजे एका वेळी कांडलेल्या मालातला, १०० ग्रॅम मसाला काचेच्या बरणीत भरून, तारीख, मिरची कुठल्या दुकानाची आणि किती घटली ते चिठ्ठीवर लिहून ओट्यापासून लांब ठेवा. जुलैच्या शेवटी एकेक बरणी उघडा. चमचा आत सहज गेला, गुठळी हाताने फुटली आणि वास मार्चसारखाच आला, तर त्या दुकानदाराला पुढच्या वर्षीची मिरची सांगून ठेवा. गुठळी फुटली नाही, तर त्या घाणीचा मसाला ज्यांना ज्यांना दिला त्यांना त्याच दिवशी फोन करून परत मागवा.