गोठलेली जमीन दगड वर ढकलते ती कशी? फ्रीजरमध्ये करून बघा

सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे जमीन गोठणं मुंबईच्या नशिबात नाही. थंड देशांत मात्र दगड वेचून साफ केलेल्या शेतात हिवाळा सरला की पुन्हा दगड वर आलेले असतात, कुंपणाचे खांबही उचकटतात. हे घरी बघायचं तर फ्रीजरमधली सुरमईशेजारची जागा दोन-तीन दिवस मागून घ्या.

बहुतेकांचं फसतं ते मातीत. चौपाटीची वाळू नको. तिचे कण जाड, पाणी वर खेचत नाहीत, शिवाय खारटपणामुळे ती उशिरा गोठते. गणपतीची नुसती शाडूही नको, तिच्यातून पाणी फार सावकाश सरकतं. हवा पोयटा. नर्सरीतली माती वाळवून बारीक चाळणीने चाळून घ्या. (चाळणी जुनी घ्या, नाहीतर घरात प्रयोगापेक्षा चर्चा जास्त होईल.)

प्लास्टिकच्या ग्लासला तळाशी पाच-सहा भोकं पाडा, आत कापडाचा तुकडा घाला, ओली माती भरा. मधोमध सुपारीएवढी खडी पुरा. बाजूला आइस्क्रीमची काडी अर्धी खोचा. आता थर्माकोलच्या डब्यात बोटभर पाणी घेऊन ग्लास त्यात उभा करा आणि झाकणाला भोक पाडून फक्त ग्लासचं तोंड उघडं ठेवा. थंडी वरूनच शिरायला हवी आणि खाली पाणी उरायला हवं, सगळी मेख इथे आहे.

कारण पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, एवढ्यावर हे भागत नाही. बर्फ खालचं पाणी वर ओढतो आणि त्याचे पदर जाड होत जातात. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास पाण्याऐवजी गोठताना आकसणारं बेंझिन हे द्रव मातीत वापरलं, तरी माती उचललीच! दगडातून उष्णता मातीपेक्षा लवकर निघते, म्हणून त्याच्या पोटाखाली बर्फ आधी धरतो आणि त्याला उचलतो. वितळताना पोकळीत चिखल घसरतो, दगडाला परत बसायला जागा उरत नाही. काडीला मात्र वरची गोठलेली मातीच पकडून उपसते.

रात्रभर गोठवा, दिवसा बाहेर वितळू द्या. दर फेरीला ग्लासच्या काठापासून काडीचं टोक मोजा. फरक मिलिमीटरांतच असेल. वितळलेल्या चिखलावर एक नाणं ठेवून बघा, जड वस्तू अशा वेळी उलट खाली रुतते.

शेवटच्या फेरीला न वितळवता ग्लास जपून उभा कापा. सगळं जमून आलं असेल तर मातीत आडवे, कागदासारखे बर्फाचे पदर दिसतील.