मोबाईल हँग होतोय, चार्जिंग टिकत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल लागला की तालुक्याच्या मोबाईल दुकानांत एकाच तक्रारीची रांग लागते. ‘हँग होऊन राहिला अन् चार्जिंगही टिकत नाही.’ तक्रारीसोबत निदानही गिऱ्हाईकच घेऊन येतं: बॅटरी गेली, नवीन टाकून द्या. दुकानदाराचं काय जातं, तो टाकून देतो. आठ दिवसांनी फोन पुन्हा तसाच.

फोन रखडण्यामागे आपल्याकडे बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण असतं: ऊन, गच्च भरलेलं स्टोरेज, कमजोर रेंज किंवा खरोखर थकलेली बॅटरी. बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायला हवा, कारण बाकी तीन गोष्टी फुकटात तपासता येतात.

तापलेल्या फोनवरून निकाल लावणे

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या वर जातो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा सांगते आणि ३५ च्या वर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असंही बजावते. अँड्रॉइडमध्येही लिथियमचीच बॅटरी असते, तिचा स्वभाव काही वेगळा नाही. आता टिनाच्या छपराखाली किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत तासभर पडलेल्या फोनचं काय होत असेल, पाहा.

प्रोसेसर तापला की फोन स्वतःच त्याचा वेग कमी करतो, स्क्रीनचा उजेड उतरवतो आणि चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. हा बिघाड नाही, बचाव आहे. म्हणून फोनची परीक्षा सकाळी सहाला घ्या, दुपारी दोनला नाही. सकाळी सुसाट चालणारा फोन दुपारी रडत असेल, तर नवी बॅटरी टाकूनही तो दुपारी रडणारच.

तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायची एक भलती पद्धत निघाली आहे. तसं करू नका. एकदम थंडावा मिळाला की आत दव धरतं आणि पाणी कुठे मुरलं ते बाहेरून दिसतही नाही. कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवणंही बरं नाही, ती हवा ओली असते. कव्हर काढा, चार्जर काढा, फोन सावलीत साध्या पंख्याखाली ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक फोन माणसात येतात.

रात्रभर चार्जिंगला लावण्याबद्दल लोक फार घाबरवतात. आजचे फोन १०० टक्क्यांवर चार्जिंग स्वतः थांबवतात. खरा त्रास होतो तो उशीखाली किंवा गादीवर लावल्याने, कारण भरलेली बॅटरी आणि साठलेली उष्णता या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंग्जमध्ये असेल, तर उन्हाळ्यापुरती तरी चालू ठेवा.

‘गुड’ दिसलं म्हणून निश्चिंत होणे

यूट्यूबवर पाहून पुष्कळ जण *#*#४६३६#*#* हा कोड टाकतात. काही अँड्रॉइड फोनांत त्याने बॅटरीची माहिती उघडते आणि हेल्थसमोर ‘गुड’ दिसतं. हे ‘गुड’ बॅटरीच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही. या घडीला बॅटरी जास्त तापलेली नाही, व्होल्टेज मर्यादेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. निम्मी क्षमता गमावलेली बॅटरीही तिथे ‘गुड’च राहू शकते.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी हेल्थ असं गेलं की क्षमता टक्क्यांत दिसते. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल आणि आयफोन १५ ची १००० सायकलनंतर, अशा हिशेबाने बनवलेली आहे. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० वापरले, उद्या ५०, तर मिळून एक सायकल झाली.

सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपच्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची वेगळी चाचणी आहे. इतर कंपन्यांच्या काही नव्या फोनांत सेटिंग्जमध्येच बॅटरी हेल्थ मिळते. कुठेच नसेल तर अ‍ॅक्युबॅटरी नावाचं ॲप टाका. चार्ज होताना आत किती करंट गेला यावरून ते क्षमतेचा अंदाज बांधतं. एका चार्जिंगवर विसंबू नका, काही दिवस चालू द्या. ५००० एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) फोन ३९०० च्या आसपास दाखवू लागला, तर ७८ टक्के उरली असं धरा.

आकडा मिळो न मिळो, थकलेली बॅटरी लक्षणांवरून ओळखू येते. ऑगस्ट-सप्टेंबरात ई-पीक पाहणीच्या दिवसांत ते चांगलं दिसतं. वावरात उभं राहून फोटो काढायचा, तर जीपीएस चालू, कॅमेरा चालू, उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण, वरून टॉवर लांब. सगळा भार एकदम येतो आणि ३० टक्के दाखवणारा फोन धुऱ्यावरच बंद पडतो. घरी येऊन चार्जरला लावला की लगेच २५-२८ टक्के दाखवतो. ही बॅटरी गेलेली आहे. जुन्या बॅटरीचा आतला रोध, म्हणजे वीज वाहण्याला होणारा अडथळा, वाढलेला असतो. एकदम जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. टक्के ४० वरून थेट १५ वर उडी मारत असतील, तरी तेच समजा.

बॅटरीमुळे फोन हळू होतो का? होऊ शकतो, आणि त्याचं गाजलेलं उदाहरण आयफोनचंच आहे. असं अचानक बंद पडणं टाळण्यासाठी ॲपलने जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ पासून जुन्या बॅटरीच्या काही आयफोनांचा वेग गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड कबूल करावं लागलं, बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला आणि २०१८ मध्ये आयओएस ११.३ सोबत बॅटरी हेल्थचं पान आलं. अशा आयफोनला नवी बॅटरी टाकली की वेग परत येतो. आपल्या हातातल्या स्वस्त अँड्रॉइडचं दुखणं मात्र बहुधा वेगळंच असतं.

स्टोरेजकडे न बघणे

ओळखीच्या दुकानात बसलो असताना एक काका आले. ‘भाऊ, कालच बॅटरी टाकली, तरी हँगच होऊन राहिला हा.’ ३२ जीबीचा फोन, रिकामी जागा एक जीबीसुद्धा नाही. गॅलरी उघडली तर शुभ सकाळची फुलं, सोयाबीनच्या भावाचे स्क्रीनशॉट, आणि पुतण्याच्या हळदीचा एकच व्हिडिओ चार ग्रुपांतून चारदा उतरलेला. एवढ्या भरलेल्या फोनला नवं काही लिहायला जागा शोधतानाच दम लागतो, मग कीबोर्ड उघडायलाही वेळ जातो. बॅटरीचे पैसे वाया गेले ते गेलेच.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडा. ५ एमबीहून मोठ्या आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. त्याच ठिकाणी मीडिया आपोआप उतरणं बंद करा. पुसण्याआधी सातबारा, पीक विम्याची पावती, नुकसानीचे फोटो दुसरीकडे ठेवा, नाहीतर पंचनाम्याच्या वेळी शोधत बसाल. निदान पाच-सहा जीबी मोकळे झाल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा.

फोन ‘फास्ट’ करतो म्हणणारी बूस्टर आणि क्लीनर ॲप मात्र आधी काढा. ती मागे चालणारी ॲप मारतात, ती ॲप पुन्हा उठतात, आणि या उठबशीत बॅटरी आणखी जाते.

रेंजचा दोष बॅटरीवर टाकणे

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत टॉवर लांब असला की फोन सिग्नलसाठी जास्त जोर लावतो आणि खिशात पडल्यापडल्या उतरतो. रात्री फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, टक्के पाहून झोपा. सकाळी दोन-चार टक्केच गेले आणि एरवी वीस-पंचवीस जात असतील, तर बॅटरी शाबूत आहे. उतरवणारं रेंज आहे किंवा नेट वापरणारं एखादं ॲप. ॲपचा संशय असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालवून पाहा, त्यात आपण टाकलेली ॲप बंद राहतात.

पिन न तपासता चार्जर बदलणे

कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातले तंतू फोनच्या चार्जिंगच्या भोकात दाबले जाऊन बसतात. चार्जरची पिन पुरती आत जात नाही, हलवली तरच चार्ज होतं, आणि दोष जातो चार्जरला नाहीतर बॅटरीला. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात आत बघा, लाकडी टूथपिकने हळूच कोरा. सुई किंवा टाचणी आत घालू नका. चिंधीसारखा दाबलेला कापूस निघतो, विश्वास बसत नाही.

एवढं सगळं करूनही बॅटरीच थकलेली निघाली, तर बदला. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर आणि नव्या बॅटरीवरचा जुळतो का ते स्वतः पाहा. तेवढ्याच आकारात दीडपट एमएएच छापलेली बॅटरी दिसली की परत करा, तेवढ्या जागेत तेवढी वीज बसत नाही. बिल घ्या आणि नव्या बॅटरीवर पुन्हा अ‍ॅक्युबॅटरी चालवा.

मागचं झाकण फुगलं असेल किंवा स्क्रीन कडेने उचलली असेल, तर मात्र यातली कुठलीच तपासणी करत बसू नका. चार्जिंग लगेच थांबवा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.